भावाच्या हातचा ओरिजिनल माल

॥ श्री खंडेराव प्रसन्न ॥
मु. कारखाना, दिल्लीच्या पुढे
२० ऑगस्ट २०२४

ती. दादांस, धाकट्या मल्हारीचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. वि. वि. इकडे मी बरा आहे, तिकडे तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो.

पत्र बघून तुम्हाला वाटेल ह्याने फोन विकला. विकला नाय. इथे गेटवरच फोन काढून घेतात आणि ठेकेदाराच्या कपाटात ठेवतात. सहा महिन्यांचा करार संपला की परत देणार. पोरं फोनमध्ये बघतात आणि बोटं प्रेसमध्ये जातात, असं ठेकेदार म्हणाला. मला पटलं. राहायच्या खोल्या आतच आहेत, बाहेर जायचं काम नाय. एक म्हातारा चहावाला किटली घेऊन आत येतो, त्याच्याकडे पत्र दिलं की तो पेटीत टाकतो. आठवी सोडल्यापासून एवढं कधी लिहिलं नव्हतं. वहिनी अक्षर बघून हसणार, हसू द्या. आईला मात्र वाचून दाखवा, तिला माझ्या चुका दिसणार नाहीत.

काम काय, तर गाडीचे ब्रेक पॅड. लोखंडाची पट्टी असते, तिच्यावर काळा मसाला दाबून बसवतात, आणि तो मसाला चाकाच्या थाळीला घासला की गाडी थांबते. हे मी कोणाला सांगतोय, तुमचं अर्धं आयुष्य सावळघाटात ब्रेक दाबण्यात गेलं. मी प्रेसवर नाय, पुढच्या हॉलमध्ये आहे. पॅड गार झाला की त्याच्या पाठीवर पिवळ्या रंगाने नंबर टाकायचा आणि खोक्यात भरायचा. आणि दादा, खोकं कोणाचं असेल सांगा. तुमच्या जीपच्या कंपनीचं. वर चमकणारं स्टिकर, हलवलं की रंग बदलतो. म्हणजे तुमचा भाऊ ओरिजिनल मालाच्या कारखान्यात लागला.

तुम्ही भिमाजी मिस्त्रीकडून नेहमी बाहेरच्या मेकरचा माल टाकता, स्वस्तात होतं म्हणून. आता ते सोडा. आरोहीला मांडीवर घेऊन आई पुढच्या सीटवर बसते, पाठीमागे पेठ लाईनचं माणूस दाबून भरलेलं असतं. तिथे स्वस्त बघू नये. कंपनीचं खोकं, कंपनीचं स्टिकर बघूनच घ्या. मी स्वतः भरतो, मला माहीत आहे.

तुम्ही मनात म्हणत असाल, अंबडची कंपनी सोडली, द्राक्षाचं पॅकहाऊस सोडलं, त्र्यंबक रोडचं हॉटेल सोडलं, हा इथे किती टिकतो बघू. ह्या वेळी टिकणार. चार भिंतींचा कंटाळा येतो, नाय असं नाय. गेटला कुलूप बाहेरून असतं. कारखान्यावर पाटी पण नाय. विचारलं तर ठेकेदार म्हणाला, पाटी रंगवायला दिली आहे. असेल बुवा.

आईच्या गुडघ्याचं काय ते कळवा. आरोहीला सांगा काका हरवला नाही, लांब आहे. तुमची सावली डोक्यावर आहे तशी राहू द्या, दुसरं काही मागत नाही.

आपला,
मल्हारी


मखमलाबाद, नाशिक
६ सप्टेंबर २०२४

चि. मल्हारीभाऊजींना वहिनीचे आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. इतके दिवस फोन बंद होता म्हणून आम्ही काय काय मनात आणलं ते विचारू नका. पत्र आलं आणि घर पुन्हा घरासारखं झालं.

अक्षराला मी हसले नाही. शुद्धलेखनाला हसले. आईंना तीनदा वाचून दाखवलं. त्यांना ब्रेकचं काही कळलं नाही, त्यांनी फक्त विचारलं की जेवणाचं काही लिहिलंय का. नाही लिहिलं तर पोटभर मिळत नसणार, असं त्यांनीच ठरवून टाकलं. ह्यांनी आधी पत्र लांबूनच बघितल्यासारखं केलं. मग माझ्या हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि जीपमध्ये नेऊन ठेवलं. आता पेठ नाक्याच्या स्टँडवर नंबर लागेपर्यंत काढून वाचत बसतात, असं किशोर ड्रायव्हर सांगत होता. किशोर आठवतो ना, पेठ लाईनला ज्याची जीप आपल्या मागोमाग लागते तो.

तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. पावसाळ्यात आपल्या गाडीचे पॅड झिजलेत. टोमॅटो घेऊन मार्केटला जाताना पुढच्या चाकातून लोखंड घासल्याचा आवाज येतो. भिमाजी मिस्त्री म्हणाला, बदलून टाक, आणि नेहमीचाच बाहेरचा मेकर सांगितला. त्याचं म्हणणं असं की ह्या मेकरने खोक्यावर स्वतःचं नाव टाकलंय, ज्याला स्वतःचं नाव बुडायची भीती असते त्याचा माल वाईट नसतो. कंपनीचाच पाहिजे तर कंपनीच्या शोरूमला जाऊन पक्क्या बिलावर घे, बाजारात कुठेही खोकं बघून भुलू नको. एरवी हे लगेच हो म्हणाले असते. ह्या वेळी म्हणाले, थांब, माझा भाऊ ह्यातलाच आहे, त्याला विचारून सांगतो. मिस्त्री बघतच राहिला. मीसुद्धा. कोथिंबिरीची जुडी आणायला तुमचा सल्ला न घेणारा माणूस आज ब्रेक तुम्हाला विचारून टाकणार.

तेव्हा सविस्तर कळवा. दसऱ्याला गाडीची पूजा व्हायच्या आत बदलायचं आहे. तोवर गाडी सावकाश चालवतात आणि घाटात नेत नाहीत. झेंडू चांगला धरलाय, दसऱ्याला भाव मिळेल असं वाटतं.

आणि हो, पाटीचा रंग वाळला का?

जेवत जा. इथे तुमच्या वाटची भाकरी कोणी खात नाही, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची वहिनी,
सुवर्णा


मु. कारखाना
१४ ऑक्टोबर २०२४

ती. दादा आणि वहिनी यांना मल्हारीचा नमस्कार. उशीर झाला, रागवा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

वहिनी, तुमचं पत्र लय उशिरा मिळालं आणि उघडलेलं मिळालं. पाकीट परत भाताने चिकटवलं होतं. भाताचं एक शीत आत पण होतं. तुम्ही पाकीट भाताने चिकटवत नाही हे मला माहीत आहे. म्हणून पुढचं पत्र कारखान्यावर टाकू नका. पाकिटाच्या मागे चहावाल्याचा पत्ता लिहिलाय, त्याच्यावर टाका. तो बिचारा किटलीच्या फडक्यात गुंडाळून आणतो.

आता कामाचं. पहिल्या पत्रात मी खोक्याचं मोठं कौतुक लिहिलं. नवं खोकं कसं येतं, तर चपटं, गठ्ठा बांधून, कोऱ्या पुठ्ठ्याचा वास असतो त्याला. इथली खोकी पोत्यात येतात. घडी पडलेली, कोपऱ्यावर ऑइलची बोटं उमटलेली. आमच्यातली दोन माणसं दिवसभर ती स्पिरिटने पुसतात आणि नवं स्टिकर लावतात. मला वाटायचं पुठ्ठा वाचवत असतील. मागच्या आठवड्यात एका खोक्याच्या आतल्या बाजूला पेनाने एमएच १५ चा गाडी नंबर लिहिलेला होता, आणि खाली मराठीत लिहिलं होतं, भाऊ संध्याकाळी येणार. दादा, म्हणजे ते नाशिकच्या कोणत्यातरी गॅरेजचं. माल बसला, खोकं भंगारात गेलं, आणि एवढ्या लांब फिरून माझ्यासमोर रिकामं आलं. आणि मी ते भरलं.

इथे वाळू नावाचा एक जण होता, आपल्या सुरगाण्याकडचा. त्याने ठेकेदाराला तोंडावर विचारलं, की साहेब खोकी जुनी का. ठेकेदार हसला, त्याच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला की हुशार आहेस, तुला दुसऱ्या युनिटला बढती. त्याच दुपारी त्याला गाडीत बसवून नेला. त्याची गोधडी इथेच आहे, चपला पण इथेच आहेत. माणूस चपला ठेवून दुसऱ्या युनिटला कसा जातो, हे मी कोणाला विचारलं नाही.

मग चुलीचं झालं. आम्ही तिघं एकत्र रांधतो. परवा डाळीचं पातेलं हलत होतं म्हणून मी एक चांगला, पास झालेला पॅड बुडाखाली टेकू म्हणून लावला. डाळ शिजेपर्यंत घाण वास सुटला. चिमट्याने उचलायला गेलो तर पट्टी माझ्या हातात आली आणि मसाला तिथेच राहिला. पापड सुटतो तसा सुटला. प्रेसवाल्याला हळूच दाखवला. तो म्हणाला, दाबल्यानंतर पॅड भट्टीत काही तास भाजावा लागतो, तेव्हा मसाला पट्टीला धरतो. इथली भट्टी बंद आहे. गॅस परवडत नाही म्हणून मी यायच्या आधीपासूनच बंद आहे. गार असेपर्यंत काही कळत नाही, म्हणाला. सपाटीला गाडी छान थांबते.

घाटात तापल्यावर काय होईल ते मी लिहीत नाही. तुम्हाला कळतं.

म्हणून भिमाजी सांगतो तो बाहेरच्या मेकरचा माल घ्या, नाहीतर सरळ शोरूमला जा. बाजारातलं खोकं घेऊ नका. माझं आधीचं पत्र जीपमधून काढा आणि फाडून टाका. त्यात जे लिहिलं ते मला खरंच वाटत होतं.

आईला ह्यातलं सांगू नका. तिला सांगा रोज डाळभात मिळतो. माया कमी करू नका, दादा.

आपला,
मल्हारी


मखमलाबाद
१६ ऑक्टोबर २०२४

चि. मल्हारीभाऊजींना अनेक आशीर्वाद, आणि ह्या वेळी धपाटा नाही, पेढा.

तुमच्या उत्तराची वाट बघून बघून दसरा तोंडावर आला. काहीच कळेना, तेव्हा ह्यांनी तुमचं पहिलंच पत्र प्रमाण मानलं. शहरातल्या मोठ्या दुकानात गेले आणि कंपनीचं खोकं घेऊन आले. पुढे काय झालं ते ऐका. ह्यांनी मला एवढ्यांदा सांगितलं की मी तिथे नसूनही आता तिथे होते असं वाटतं.

भिमाजीच्या गॅरेजमध्ये खोकं उघडलं. पॅड उलटा केला. पाठीवर पिवळ्या रंगाने नंबर, आणि नंबराच्या बाजूला दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. आपल्या टोमॅटो भरायच्या जाळीची खूण. मामंजींनी मार्केटमध्ये आपली जाळी दुसऱ्यांच्या ढिगात ओळखू यावी म्हणून पाडलेली, आणि तुम्ही शाळेच्या आधी रोज सकाळी जाळ्यांवर रंगवत बसायचे तीच. सगळ्या नाशिकच्या बाजारात ही खूण दुसऱ्या कोणाची नाही. हे तिथेच पायरीवर बसले. मिस्त्री सांगत होता की त्याला वाटलं चक्कर आली.

मिस्त्रीने मात्र थोडं विरजण घातलं. त्याने पॅडवर पाना वाजवून बघितला आणि म्हणाला, आवाज बद्द येतोय, मी तुझ्या जागी असतो तर हे टाकले नसते. ह्यांचा पारा चढला. म्हणाले, माझ्या भावाच्या हातचं आहे. मिस्त्री म्हणाला, हात भावाचा आहे रे, मसाला कोणाचा आहे. शेवटी त्याने बसवून दिले, पण मजुरी घेतली नाही. चार जणांदेखत म्हणाला की गोरक्ष, हे काम माझं म्हणून सांगू नको. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. मला ते जरा खुपतं.

पण ह्यांचा आनंद बघायला पाहिजे होता. परत दुकानात गेले आणि राहिलेलं दुसरं खोकंही उचललं. त्यातही तुमची खूण. ते आता देव्हाऱ्यात आहे. दसऱ्याला गाडीची पूजा केली तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. आईंनी पॅडवरून हात फिरवला, जसा तुमच्या पाठीवरून फिरवतात तसा. स्टँडवर प्रत्येक ड्रायव्हरला सांगून झालंय की आमचा मल्हारी टिकला, कंपनीत लागला. किशोर तर मागे लागलाय की मलापण खुणेचेच पाहिजेत. दुकानदार आणखी मागवून देतो म्हणाला.

खरं सांगू भाऊजी, तुम्ही नोकऱ्या सोडत होता तेव्हा हे बाहेर चिडायचे आणि घरात गप्प बसायचे. आता गप्प बसत नाहीत. एवढंच करा, हे काम सोडू नका.

घरच्यांचा जीव तुमच्यात आहे, तो सांभाळून ठेवा.

तुमची वहिनी,
सुवर्णा


मु. कारखाना
२७ ऑक्टोबर २०२४

वहिनी, नमस्कार. हे पत्र दादांना नाही, तुम्हाला आहे. दादा म्हणतील ह्याला काम सोडायचंय म्हणून नावं ठेवतो. म्हणून तुम्हाला.

ते पॅड काढा. आजच काढा. माझं १४ तारखेचं पत्र एव्हाना मिळालं असेल, त्यात सगळं लिहिलंय. तुमचं आणि माझं पत्र रस्त्यात एकमेकांना ओलांडून गेलं.

ती खूण मी मुद्दाम नव्हती टाकली. नंबर टाकून झाला की हात आपोआप दोन ठिपके देतो आणि रेघ ओढतो. लहानपणापासून रंगाचा ब्रश हातात आला की तेच केलं, हाताला वेगळं काही येतच नाही. इथे कोणी विचारलं पण नाही. तुमचं पत्र वाचल्यावर मी हॉलमध्ये जाऊन भरलेली खोकी बघितली. सगळ्यांवर आहे, वहिनी. रचून ठेवली आहेत छतापर्यंत. कुठे कुठे जातात मला माहीत नाही.

मी चहावाल्याचा फोन मागितला. त्याने दिला. हातात घेतला आणि कळलं की दादांचा नंबर मला पाठच नाही. तो कपाटातल्या फोनला पाठ आहे. शेवटी सदतीस, एवढंच आठवतं. अंदाजाने दोन-तीन लावले. सोलापूरच्या एका बाईने मला शिव्या घातल्या, पण मराठी ऐकून बरं वाटलं. पुढच्या पत्रात सगळ्यात वर नंबर लिहा, मोठ्या अक्षरात.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी आजपर्यंत प्रत्येक कामाला नावं ठेवली हे खरं आहे. तुम्ही स्वतः बघा. देव्हाऱ्यातलं खोकं काढा, एक पॅड अंघोळीच्या पाण्याच्या चुलीवर ठेवा, पाणी तापेपर्यंत. मग चिमट्याने पट्टी उचला. दादांना समोर उभं करून उचला.

आणि किशोरला घेऊ देऊ नका.

दिवाळीत एक दिवस गेट उघडणार अशी आवई आहे. ठेकेदार आजकाल माझ्याशी गोड बोलतो, परवा खांद्यावर हात टाकून घरी कोण कोण असतं विचारत होता. मी म्हटलं कोणी नाही.

दादांवर ओरडू नका. त्यांनी माझं पत्र वाचूनच घेतले ते. जपून राहा सगळी.

मल्हारी


मखमलाबाद
२८ ऑक्टोबर २०२४

चि. मल्हारी यास आशीर्वाद. तुझं १४ तारखेचं पत्र चार दिवसांपूर्वी मिळालं. वहिनी लिहिते म्हणत होती, मी म्हटलं ह्या वेळी मीच लिहितो. मला लांबण लावता येत नाही, तेव्हा थोडक्यात.

तू काम सोडणार आहेस हे तुझ्या पत्राच्या पहिल्या ओळीत कळलं. अंबड सोडायच्या आधी तिथला फोरमन दारू पितो म्हणून सांगितलंस. पॅकहाऊसला औषधाच्या वासाने छातीत दुखतं म्हणालास. हॉटेलात तर म्हणे उंदीर होते. बाबा गेल्यापासून तुझं हेच बघतोय. तुझं मन उडालं की तिथलं अन्न नासतं. कारखान्याचं खोकं जुनं, भट्टी बंद, माणूस गायब. अरे, चपला विसरून माणूस जाऊ शकत नाही का. तू शाळेतून चपला विसरून किती वेळा घरी आलास ते आईला विचार.

पॅड बसवून पंधरा-वीस दिवस झाले. दसऱ्याचा सगळा झेंडू त्याच ब्रेकवर फुलबाजारात गेला. पेठ रोडच्या उतारावर एकदा मुद्दाम जोरात दाबून बघितले, गाडी जागच्या जागी थांबली. भिमाजीला माझा हेवा वाटतो, दुसरं काही नाही. त्याचा भाऊ काही करत नाही.

मला खोट्या मालाचं कळत नाही असं नाही, मल्हारी. पण त्या पॅडवर तुझी खूण आहे. बाबांनी पाडलेली खूण तू खराब मालावर टाकणार नाहीस, एवढं मी तुला ओळखतो. तू स्वतःला ओळखत नसशील तर माझ्याकडून ऐक.

तेव्हा सहा महिने गुमान पुरे कर. तुळशीच्या लग्नानंतर आईच्या भाचीच्या मुलीचं लग्न पेठला आहे. वऱ्हाड आपल्याच गाडीतून घाट उतरणार. दिवाळीच्या गर्दीत लाईन बंद ठेवलीय, मार्केटचंच काम खूप आहे, घाट आता तेव्हाच. तिथे सगळ्यांना तुझ्या हातचे ब्रेक दाखवीन.

फराळाचं पार्सल पाठवत होतो, वहिनी म्हणाली कारखान्यावर पाठवू नका. का ते सांगत नाही. तुम्हा दोघांचं काय चाललंय कळत नाही.

तब्येत सांभाळ. माझा राग आहे, पण तो माझाच आहे, तुला परका नाही.

तुझा दादा,
गोरक्ष


ह्यांचा नंबर पाकिटाच्या आत मोठ्या अक्षरात लिहिला आहे, खाली माझाही. मिळताच लावा.

मखमलाबाद
१८ नोव्हेंबर २०२४

चि. मल्हारीभाऊजींना आशीर्वाद. सुखरूप असाल ना. असं विचारायचं आणि पुढे लिहायचं, तसं लिहिते.

तुमचं २७ तारखेचं पत्र दिवाळीच्या टपालात अडकून काल संध्याकाळी आलं. ह्यांना वाचून दाखवायला गेले. अर्ध्यात थांबवून म्हणाले, पुन्हा तेच. उद्या लग्न आहे, उगाच अपशकुन करू नको. मी पत्राची घडी करून ठेवली. पण झोप आली नाही.

आज सकाळी हे गाडी धूत होते. वऱ्हाडातली माणसं जमत होती. मी देव्हाऱ्यातलं खोकं काढलं. पॅडवर दसऱ्याचं कुंकू होतं, ते पुसायला हात धजला नाही, तसाच पाण्याच्या चुलीत सरकवला. अंघोळीचं पाणी उकळायला लागलं तेव्हा तुम्ही लिहिला तो वास आला. चिमट्याने पट्टी धरली, अंगणात नेली आणि ह्यांना हाक मारली. सगळ्यांच्या देखत उचलून धरली. मसाला चुलीतच राहिला होता, माझ्या चिमट्यात नुसतं लोखंड. मागे ठिपके आणि रेघ तेवढी तशीच, पिवळ्याची तपकिरी झालेली.

कोणी हसलं, काय वहिनी सकाळी सकाळी लोखंड भाजताय. ह्यांनी गाडीची चावी काढली आणि माझ्या हातात दिली. मग भिमाजीला फोन लावला. दसऱ्यापासून पहिल्यांदा. एवढंच म्हणाले की तू सांगत होतास ते बाहेरचे पॅड घेऊन ये, मजुरी पाहिजे तेवढी घे. आणि फोन गाडीच्या सीटवर टाकून जॅक लावायला लागले. मला वाटलं, सुटलो. भाऊजी, मी देवापुढे निरांजन लावायला आत गेले. खरंच वाटलं, सुटलो.

तेवढ्यात बाहेर मुहूर्ताची घाई सुरू झाली. गोरक्षची गाडी आज निघत नाही म्हटल्यावर माणसं दुसऱ्या गाड्यांत बसली. किशोर त्याची जीप घेऊन वऱ्हाडालाच आला होता. तो म्हणाला, काळजी करू नका, सगळ्यांना नेतो. आईंना मागे बसलं की मळमळतं, म्हणून त्याने त्यांना पुढे आपल्या शेजारी बसवलं. आरोहीसुद्धा चालली होती, पण तिला चप्पल सापडेना म्हणून ती राहिली. मी बाहेर आले तेव्हा गाडी वळणावर होती. आईंनी हात हलवला.

भिमाजी आला. दोघं चाकाजवळ बसले. काम करता करता तो सहज बोलून गेला की परवा किशोर त्याच्याकडे आला होता, दुकानातून खुणेचं खोकं घेऊन, मोठ्या तोऱ्यात, आता माझ्याही गाडीला गोरक्षच्या भावाच्या हातचे ब्रेक. भिमाजीने बसवायला नकार दिला, तर रागाने दुसरीकडे जाऊन बसवून घेतले. काल.

हे तसेच उठले. हात काळे, पायात काही नाही. भिमाजीची मोटारसायकल घेतली आणि गेले. फोन सीटवर राहिला.

त्याला बराच वेळ झाला. किशोरला घेऊ देऊ नका असं तुम्ही लिहिलं होतं, सकाळच्या गडबडीत ते मला आठवलंच नाही. मी ओट्यावर बसले आहे. हाताला काहीतरी पाहिजे म्हणून तुम्हाला लिहिते. भिमाजी माझ्यासमोर बसून किशोरला फोन लावतोय. रिंग जाते, तो उचलत नाही. गाडी चालवताना तो कधीच फोन घेत नाही. म्हणून तर बायामाणसं त्याच्या गाडीत निर्धास्त बसतात. आईंकडे फोन नाही. गाडीतल्या आणखी कोणाचा नंबर आमच्याकडे नाही. ज्यांचे आहेत ते दुसऱ्या गाड्यांत पुढे गेलेत.

भिमाजी म्हणतो, रिंग जातेय तोवर भिऊ नको, वहिनी. घाटात रेंज नसते. रिंग जातेय म्हणजे घाट अजून लागला नाही, आणि गोरक्ष दुचाकीवर आहे, गाठेल त्याला. एवढी माणसं भरलेली जीप, वाटेत नारळ फोडायला, चहाला थांबतेच. मी हो म्हणते. तो परत लावतो. रिंग जाते. आरोही विचारते, आजी पोचली का.

तुमचा फोन आला तर मी काय सांगू ते मला सुचत नाही, पण तुम्ही लावा. दिवाळीला गेट उघडलं की नाही, तुम्ही कुठे आहात, काहीच कळलं नाही. वाळूच्या चपलांकडे बघू नका. तुमच्या पायातल्या तेवढ्या काढू नका.

भिमाजीने आत्ता परत लावला. ह्या वेळी त्याने फोन कानावरून काढला आणि माझ्याकडे दिला. त्यात ती बाई सांगत होती, की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.

इथली माया तुम्हाला पोचो.

तुमची वहिनी,
सुवर्णा